नुसतं बघायचे पैसे?

डॉक्टरांकडे गेलो की ते नाडी बघतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात, चार प्रश्न विचारतात आणि आपण मुकाट्याने तपासणी फी देऊन बाहेर येतो. गोळ्यांचे पैसे वेगळे. त्यात आपल्याला काही गैर वाटत नाही. पण गॅरेजमधल्या मिस्त्रीने तासभर गाडी फिरवली, खाली झोपून सगळं हलवून पाहिलं आणि "काही बदलायची गरज नाही" असं सांगून तीनशे रुपये मागितले, तर आपण लगेच म्हणतो, "नुसतं बघायचे पैसे?"

माझं मत असं की जुन्या गाड्यांवर लोकांचे जे हजारो रुपये वाया जातात, त्याचं मूळ या एका प्रश्नात आहे. आता तुम्ही म्हणाल, मास्तरांचं व्याकरण शिकवून झालं, आता गाड्यांच्या मागे लागले! पण ऐका तरी.

आमच्या पुतण्याकडे २००९ सालची एक डिझेल एसयूव्ही आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष कंपनीचा नाहीच, वयाचा आहे. मीटरवर २ लाख ८० हजार किलोमीटर झालेत. २०२४ मध्ये १५ वर्षं पूर्ण झाली तेव्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली. हौस म्हणून नव्हे. वहिनींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी गावाहून मिरजेला न्यावं लागतं. चार चार तास मशीनवर काढून आलेल्या माणसाला एसटीच्या थांब्यावर उभं करता येत नाही, आणि द्राक्षाचं कर्ज डोक्यावर असताना नवी गाडी घेता येत नाही. म्हणजे ती गाडी चालू राहणं ही आमच्या घरात चैनीची गोष्ट नाही.

तर या गाडीला थरथर सुरू झाली. जागेवरून उचलताना अंगात आल्यासारखी हलायची. माणसं भरलेली असली की जास्तच. पुढे ६५ ते ७५च्या वेगात बुडाखालून बारीक घरघर. पहिल्या गॅरेजवाल्याने एक वाक्य ऐकलं आणि गाडीत न बसताच निकाल दिला, "क्लच गेलाय. पूर्ण सेट टाकू. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर तोही उघडून बघू." अंदाज ३५ हजार. दुसऱ्याने तर "विकून टाका" म्हणून सांगितलं.

तिसरे एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी प्रश्न विचारले. कधी हलते? कितीच्या वेगात? कुठल्या गिअरमध्ये? गाडी थंड असताना की तापल्यावर? ब्रेक दाबल्यावर की एरवीही? मग पुतण्याला गाडी चालवायला लावून स्वतः आधी शेजारी आणि मग मागच्या सीटवर बसले. त्यांनी जे केलं ते इतकं सरळ तर्काचं होतं की भूमितीतलं प्रमेय सोडवतोय असं वाटावं. म्हणूनच इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

एक. गाडी उचलताना क्लच पूर्ण सुटल्यावर थरथर थांबते का? क्लचची खोड असेल तर पेडल अर्धवट सुटलेलं असतानाच, म्हणजे प्लेट घासत पकड घेत असतानाच गाडी हलते. पूर्ण सुटला की शांत होते. रिव्हर्समध्येही तेच होतं. आमची गाडी पाय पूर्ण काढल्यावरही वीसच्या वेगापर्यंत थरथरत होती. म्हणजे संशय क्लचच्या मागे सरकला.

दोन. सत्तरच्या वेगात पाचव्याऐवजी चौथा गिअर टाकला. वेग तोच, पण इंजिनाचे फेरे वाढले. घरघर बदलली नाही. गाडी न्यूट्रल करून तशीच पळू दिली, तरी ती थोडी कमी होऊन राहिलीच. म्हणजे इंजिन नाही, इंजिनाचं फाउंडेशन नाही, क्लचही नाही. दोष गिअरबॉक्सच्या मागे, जे चाकांच्या वेगाबरोबर फिरतं त्यात.

तीन. मग चाकं की शाफ्ट? इथे मला आमचं पाचवीचं गणित आठवलं. चाकाचा परीघ साधारण सव्वादोन मीटर धरा. ८०च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला सुमारे दहा फेरे. मागच्या हौसिंगमधल्या दात्यांमुळे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चारएक फेरे होतात, म्हणजे सेकंदाला चाळीस. चाकाचा दोष म्हणून डुगडुगल्यासारखा जाणवतो आणि शाफ्टचा बारीक गुणगुणल्यासारखा. शिवाय पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग थरथरतं. इथे स्टिअरिंग शांत होतं, सीटखालची जमीन थरथरत होती.

मग गाडी वर घेतली. न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने पिळून पाहिला, तर मागच्या क्रॉसला खेळ होता आणि त्याच्या टोपीभोवती तांबूस भुकटी जमली होती. ग्रीस संपून आतल्या बारीक सुया गंजल्या की अशी भुकटी बाहेर येते. शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधे त्याला धरणारं सेंटर बेअरिंग. त्याचं रबर टॉमीने रेटल्यावर फाटलेलं दिसलं. भरलेली गाडी उचलताना शाफ्टला झटका बसतो, आणि धरणारं रबरच फाटलं असेल तर तो जागेवरून उडतो. झालं, दोन्ही त्रासांचा उलगडा!

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. शाफ्ट काढण्याआधी मिस्त्रींनी प्रत्येक जोडावर पांढऱ्या रंगाची खूण केली. क्रॉसचा जोड वाकड्या कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एकसारख्या गतीने फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा जलद, दोनदा संथ होतो. दुसऱ्या टोकाचा जोड योग्य रेषेत असेल तरच हा चढउतार भरून निघतो. एक दाता इकडचा तिकडे बसवला तर नवा माल टाकूनही गाडी थरथरणार. आणि मग लोक म्हणणार, पार्ट डुप्लिकेट होता.

सगळं मिळून साडेपाच हजार झाले. वर मिस्त्रींनी ट्रायलचे म्हणून ४०० रुपये वेगळे लावले. पुतण्या जरा घुटमळला. मी म्हटलं, "बाकी कशात घासाघीस कर, पण हे ४०० आधी दे. वाचलेले तीस हजार या ४००मुळे वाचलेत."

मुद्दा इथेच आहे. आपण फक्त बदललेल्या पार्टचे पैसे देतो. विचाराचे, अनुभवाचे, कानाचे देत नाही. मग गॅरेजवाल्याने काय करावं? त्याची चूल पार्टवर पेटते, म्हणून तो पार्ट बदलतो. तो लबाडच असतो असं मी म्हणणार नाही. "बदलून बघू" ही पद्धत आपण गिऱ्हाइकांनीच त्याला लावली आहे. परिणाम मात्र आपल्याकडच्या म्हणीसारखा, रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला! वर्गातही हेच बघितलंय. भागाकार जमत नाही म्हणून पोराला भागाकाराचीच पन्नास गणितं घालतात. खरं तर त्याची वजाबाकी कच्ची असते, किंवा मागच्या बाकावरून त्याला फळाच दिसत नसतो.

परदेशातल्या भाचरांच्या गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक. त्यांना क्लचचं पेडल नसतं, पण नियम तोच. साठ-सत्तरच्या वेगात एक्सलरेटर हलका दाबलेला असताना, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी गाडी थरथरली तर टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉकअप क्लचचा संशय घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर वेग तसाच ठेवून ब्रेकचं पेडल अगदी हलकं दाबलं की बहुतेक गाड्यांत तो लॉक सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर संशय बळावतो. पण स्पार्क प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तरी फार वेगळं वाटत नाही, म्हणून स्कॅनर लावून खात्री करावी. आणि गिअरबॉक्स बदलायच्या आधी तेल तपासावं. जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकला अशीच थरथर होती. २०१९ मध्ये कंपनीने डीलरांना जुनं तेल पूर्ण धुऊन काढून नव्या घडणीचं तेल भरायला सांगितलं.

याचा अर्थ जुनी गाडी कितीही हलली तरी दामटत राहावी असा नाही. क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यावर पडला तर जिवावर बेतू शकतं. कधी कधी "विकून टाका" हाच बरोबर सल्ला असतो. पण तो तपासणीनंतर यावा, तपासणीच्या ऐवजी नव्हे.

असो. एवढंच सांगणं की गॅरेजला जाताना कागदावर लिहून न्या : कधी, किती वेगात, कुठल्या गिअरमध्ये, किती वजनावर, थंड की गरम. "आवाज येतोय, बघा जरा" एवढंच सांगू नका. आणि जो माणूस खरोखर बघेल, त्याच्या बघण्याचे पैसे हसतमुखाने द्या. अशी माणसं आता थोडीच राहिलीत. त्यांचं पोट बघण्यावर भरलं, तरच त्यांच्या हाताखालची पोरं बघायला शिकतील. तुमच्या गावात असा कुणी मिस्त्री असेल तर जरूर कळवा.