काम कायमचे, कामगार मात्र हंगामी

वैतरणा नदी जेथे सागराला मिळते, त्या मुखाच्या उत्तरेस पालघर तालुक्यातील दातिवरे हे गाव वसले आहे. मासेमारी आणि शेती यांवर पोसलेल्या या किनारपट्टीतील तरुणांनी गेल्या काही दशकांत उपजीविकेसाठी बोईसर-तारापूरची वाट धरली. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले आणि पुढे औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे शेकडो कारखाने उभे राहिले. सकाळच्या पाळीला निघालेल्या तरुणाला ‘कोठे कामाला आहेस?’ असे विचारले, तर तो कारखान्याचे नाव सांगतो. त्याची पगारपावती पाहिली, म्हणजे ती त्याला मिळत असेल तर, तिच्यावर निराळेच नाव आढळते. ते ठेकेदाराचे असते.

ठेकेदारी पद्धत नवी नाही. परंतु जी पद्धत तात्पुरत्या कामासाठी निर्माण झाली, तिच्यात माणसांची आठ-आठ, दहा-दहा वर्षे निघून जाऊ लागली, ही बाब गंभीर आहे. यंत्र तेच, पाळी तीच, मुकादमही तोच. दर एक-दोन वर्षांनी बदलतो तो केवळ ठेकेदार. ठेका बदलला की कामगाराच्या सेवेचा हिशेब पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. मध्ये ‘ब्रेक’ दिला जातो तो वेगळाच. अशा कामगाराला काम असते, पण नोकरी नसते, असेच म्हणावे लागेल.

कायद्याचा प्रवास

कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा १९७० साली झाला. त्याच्या नावातच ‘निर्मूलन’ हा शब्द होता. जे काम बारमाही स्वरूपाचे आहे आणि जे नेहमीच्या कामगारांकडून करून घेता येते, तेथे शासनाने कंत्राटी पद्धतीला मनाई करावी, अशी त्यात तरतूद होती. मनाई झाल्यावर त्या कामगारांचे पुढे काय, याविषयी कायदा मौन पाळून होता. १९९६ साली एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांना मूळ मालकाने सेवेत सामावून घ्यावे, असा निर्णय दिला. २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निर्णय फिरवला. मनाई झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. मात्र ठेका हा निव्वळ देखावा असल्याचे सिद्ध झाले, तर त्याला न्याय मागता येईल, असे न्यायालयाने सांगितले. हे सिद्ध करण्याचा भार अर्थातच त्याच्यावर आला, ज्याच्या हाती बहुधा नेमणुकीचा कागदही नसतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांनुसार कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतात. जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा २० होती. महाराष्ट्राने ती आधीच वाढवली होती. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई आहे, परंतु अपवादही बरेच आहेत. साफसफाई, पहारा, उपाहारगृह, मालाची चढउतार ही कामे सर्वसाधारणपणे ‘मुख्य’ मानली जात नाहीत. नेमकी याच कामांत आपली गरीब माणसे अधिक आहेत.

वर्षे हरवतात कोठे?

१९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांच्या सेवेची अट घातली. ठेकेदार बदलत राहिला, तर ही पाच वर्षे व्यवहारात कधी भरतच नाहीत. नव्या संहितेने मालकाने थेट ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, हे स्वागतार्ह आहे. परंतु ठेकेदारामार्फत आलेला कामगार त्या वर्गात मोडत नाही.

येथे एक गोष्ट विचारात घ्यावी. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीसाठी प्रत्येक कामगाराला एकच कायम क्रमांक मिळू लागला. मालक बदलला तरी क्रमांक बदलत नाही. निधीचे पैसे कामगाराच्या मागोमाग जाऊ शकतात, तर त्याच्या सेवेची वर्षे का जाऊ नयेत?

सुरक्षिततेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. ११ जानेवारी २०२० रोजी बोईसरजवळील रासायनिक कारखान्यातील स्फोटात आठ जणांचा बळी गेला. २१ ऑगस्ट २०२५ रोजी तारापूर वसाहतीतील औषध कारखान्यात वायुगळतीने चार कामगार दगावले. कोण कायम आणि कोण कंत्राटी, हे वायू पाहत नाही. परंतु ज्याला उद्या गेटपास मिळेल की नाही याची खात्री नाही, तो नादुरुस्त झडपेविषयी तक्रार करण्यास धजत नाही.

उद्योजकांची बाजूही ऐकली पाहिजे. मागणी कमी-जास्त होते, लहान कारखान्यांना कायम कामगारांचा भार पेलत नाही, असे ते म्हणतात. हंगामी कामासाठी हंगामी माणूस नेमण्यास कोणाचाच विरोध नाही. आक्षेप आहे तो बारमाही कामाला हंगामी ठरवण्यास.

शासनही यापासून अलिप्त नाही. ६ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी भरतीस मान्यता दिली. तरुणांच्या रोषानंतर २० ऑक्टोबर रोजी तो रद्द करण्याची घोषणा झाली. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय जल आयोगात अनेक वर्षे झाडलोट व बागकाम करणाऱ्यांना सेवेत नियमित करण्याचा आदेश दिला आणि शासकीय संस्थांनी कंत्राटांआड जबाबदारी टाळू नये, असे बजावले.

महाराष्ट्राचाच एक धडा

उपाय शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाचा मालक रोज बदलणारच, हे त्याने मान्य केले. म्हणून कामगार, मालक व शासन यांचे मंडळ स्थापन झाले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने कामगाराला वेतन, निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी व रजेचे पैसे द्यायचे. १९८१ साली सुरक्षारक्षकांसाठी असाच कायदा आला. या मंडळांत दोष शिरले आहेत, हे खरे. तरीही मालक बदलला म्हणून कामगाराची वर्षे पुसली जाऊ नयेत, हे तत्त्व आपल्याच राज्याने पन्नास वर्षांपूर्वी अमलात आणले.

आता वाढवण बंदराचे काम पुढे ठाकले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्याला मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. रोजगाराची मोठी आश्वासने दिली जात आहेत. ‘किती रोजगार?’ याबरोबरच ‘कोणाच्या पटावर?’ हाही प्रश्न ग्रामसभांनी आणि लोकप्रतिनिधींनी आजच विचारला पाहिजे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात थेट मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा भेद केला. वेतन देतो तो थेट मालक. ज्यांच्या धोरणांनी आणि व्यवहारांनी त्या वेतनाच्या अटी ठरतात ते सारे अप्रत्यक्ष मालक. आपली गृहनिर्माण संस्था पहारेकऱ्यासाठी सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारते, तेव्हा आपणही त्याच पंक्तीत बसतो. आपल्या शाळा, रुग्णालये व धर्मग्रामांच्या संस्थाही याला अपवाद नाहीत. ठेकेदाराचे बिल चुकते करण्यापूर्वी निर्वाह निधीच्या भरण्याची पावती मागणे, एवढे तर आपल्या हाती आहे.

कामगार बंधुभगिनींना आमचे सांगणे असे: नेमणूकपत्र मागा, पगारपावत्या व गेटपास जपून ठेवा, निर्वाह निधीच्या खात्यात भरणा होतो का ते दरमहा पाहा. ठेकेदाराकडे अनुभव प्रमाणपत्र मागण्याचा हक्क नव्या संहितेने दिला आहे, तो बजावा. ठेकेदाराने वेतन बुडवले, तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे विसरू नका. वर्षे तुमची आहेत. त्यांचा पुरावा तुमच्याच घरी असू द्या.