जोत्याची उंची

नदीच्या काठी वस्ती करणे ही मनुष्याची फार जुनी सवय आहे. पिण्याचे पाणी, गाळाची सुपीक जमीन आणि नावेची वाट या तिन्ही गोष्टी त्याला तेथे मिळाल्या. नाशिक, पैठण, वाई, सांगली, पंढरपूर ही सारी नगरे नदीच्याच आश्रयाने वाढली. म्हणून पूर आला की, 'लोकांनी नदीकाठी राहावेच कशाला?' असे जे सहज बोलले जाते, ते फारसे विचाराचे नाही. नदीकाठी राहावयाचे, तर घर कोठे बांधावे व कसे बांधावे, हा खरा प्रश्न होय.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. मातीत बांधलेली काठावरची कितीतरी घरे त्या दिवशी ढासळली. धरण फुटण्याचा दोष अर्थातच त्या घरांकडे नव्हता. परंतु पाण्यापुढे कोणती भिंत उभी राहते आणि कोणती राहत नाही, हे त्या एका दिवसाने सर्वांना दाखवून दिले.

मातीची भिंत कोरडी असते तोवर मोठी बळकट असते. उन्हाळ्यात गारवा व हिवाळ्यात ऊब देणाऱ्या या भिंतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिच्या पायाशी एक-दोन दिवस पाणी साचून राहिले, की माती मऊ होते आणि वरच्या कौलांचा व तुळयांचा भार तिला सोसवत नाही. विशेष म्हणजे पूर चढताना उभी असलेली भिंत पुष्कळदा पूर ओसरल्यावर पडते. बाहेरच्या पाण्याचा टेकू निघून जातो, आत मुरलेले पाणी मात्र तसेच राहते. 'पाणी उतरले, आता भय नाही,' असे म्हणून घाईने घरात शिरणारी माणसे म्हणूनच संकटात सापडतात.

पक्क्या विटांची भिंतही सर्वस्वी निर्भय नसते. एक घनमीटर पाण्याचे वजन हजार किलोग्रॅम भरते. बंद घराबाहेर एक मीटर पाणी साचले व आत काहीच नसले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे पाचशे किलोग्रॅमचा रेटा बसतो. पाणी दोन मीटर झाले, की रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. वाहत्या पाण्याचेही तसेच आहे. वेग दुप्पट झाला, की त्याचा मारा चौपट होतो. शिवाय ते पायाखालची माती उकरून नेते. यास्तव पाया खोल हवा, जोते दगडाचे व सिमेंटमध्ये बांधलेले हवे, कोपरे सळयांनी बांधून काढलेले हवेत. भिंतींना पाणी आत-बाहेर जाऊ देणारी तोंडे ठेवली, तर दोन्ही बाजूंचा रेटा सारखा होतो.

नृसिंहवाडीचे दत्तमंदिर या बाबतीत पाहण्यासारखे आहे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील या मंदिरात पावसाळ्यात पाणी शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. भाविक त्यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात व त्या पाण्यात स्नान करतात. पाणी वाढले, की उत्सवमूर्ती उंचावरच्या जागी नेतात. दगडी बांधणी, पाण्याला मोकळी वाट आणि मौल्यवान वस्तूसाठी आधीच ठरविलेली उंच जागा! स्थापत्याचा एखादा ग्रंथ याहून निराळे काय सांगणार?

आज महाराष्ट्रात नद्यांच्या काठी नकाशावर दोन रेषा आखल्या जातात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी व निळी रेषा यांमधील जागा मोकळी ठेवावी आणि निळ्या व लाल रेषांमध्ये बांधावयाचे झाल्यास जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच घ्यावे, असा या व्यवस्थेचा आशय आहे. आशय उत्तम आहे. पण 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी मोठा घोटाळा केला आहे. एकदा महापूर येऊन गेला, की आता शंभर वर्षे निश्चिंत, असे लोकांना वाटते. वस्तुतः त्याचा अर्थ इतकाच, की दर वर्षी शंभरात एक इतका त्याचा संभव असतो. सत्तर वर्षे एकाच घरात राहणाऱ्या माणसाला असा पूर पाहावा लागण्याचा संभव जवळजवळ निम्मा आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हे गणित शिकवावे लागत नाही. तेथे २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत येऊन गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून सत्तावन्न फुटांच्याही वर मजल मारली.

जोते उंच करण्याची एक रीत मात्र निषिद्ध मानली पाहिजे, ती म्हणजे पात्रालगतच्या सखल जमिनीत भराव घालण्याची. एकाने चार फूट भराव घातला, की त्याचे घर कोरडे राहते. परंतु त्या जागी मावणारे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या ओसरीवर चढते. यास शहाणपण म्हणावे की अन्याय? ब्रह्मपुत्रेच्या काठी राहणारे आसामातील मिसिंग लोक बांबूच्या खांबांवर घर उभारतात. त्यास ते 'चांग घर' म्हणतात. खालून पाणी वाहते, वर माणसे राहतात, आणि कोणाचे पाणी कोणावर लोटले जात नाही.

नियम कडक असावेत, असे म्हणणे सोपे आहे. पण ओढ्याच्या काठची जागा स्वस्त असते, म्हणूनच गरीब माणूस तेथे राहतो. दगडी जोत्याचा खर्च त्याने कोठून करावा? त्याला केवळ नोटीस देणे म्हणजे बुडत्याला पोहण्याचे नियम वाचून दाखविणे होय. निदान जोत्यापुरता खर्च सरकारने उचलावा, आणि नियमाचा बडगा प्रथम भराव घालणाऱ्या धनवंतावर पडावा. एका झोपडीचे जोते पुढच्या वर्षी बांधता येते. नदीची एकदा बुजविलेली जागा सहसा मोकळी होत नाही.

या सर्व बांधकामांत शाळेच्या इमारतीचा विचार निराळा झाला पाहिजे. पुराच्या रात्री गाव तेथेच आसऱ्याला येते. तेव्हा तिचे जोते गावात सर्वांत उंच असावे, गच्चीवर जाणारा जिना बाहेरून असावा, विजेच्या कळा पाण्याच्या पातळीहून वर बसवाव्यात आणि पिण्याच्या पाण्याची टाकी पुराच्या पाण्याला शिवू नये अशा उंचीवर ठेवावी. एका शाळेस इतके करावयाचा खर्च येतो खरा. पण त्या रात्री तिच्या छताखाली सारे गाव असते.