सहा महिने शटर बंद, आणि मग थेट फायनल



ऑक्टोबर 2016. स्पेनमधल्या मायोर्का बेटावर राफेल नदालच्या टेनिस अकॅडमीचं उद्घाटन होतं. पाहुणा कोण, तर रॉजर फेडरर. ज्याच्याशी बारा वर्षं टक्कर, त्यालाच मानानं बोलावलेलं. आता हे दोघं एकत्र आले म्हटल्यावर चार चेंडू मारून दाखवतील असं कुणालाही वाटणारच. पण नदालचं मनगट दुखावलेलं आणि फेडररचा गुडघा. शेवटी दोघं लहान मुलांबरोबर छोट्या कोर्टवर थोडंसं खेळले. तेवढंच जमण्यासारखं होतं.

फेडरर तेव्हा 35 वर्षांचा, नदाल 30 चा. टेनिसमध्ये हे वय म्हणजे लोक निरोपाची भाषणं तयार ठेवतात. आणि तिथून तीन महिन्यांत, 29 जानेवारी 2017 ला, हेच दोघं ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला समोरासमोर उभे!

तुम्ही म्हणाल, सर, आपण इथे मार्जिन, उधारी, जीएसटी शिकायला येतो, हे टेनिस कुठून काढलं? सांगतो. धंद्यातली स्पर्धा म्हणजे रेट, माल आणि मार्केटिंग एवढंच, असं नवीन उद्योजकाला वाटतं. मलाही वाटायचं. त्यात धंदा करणाऱ्याचं शरीर कुणी धरतच नाही. टेनिसवाल्यांना ते धरावंच लागतं, कारण तिथे शरीर हेच मशीन आणि शरीर हेच भांडवल. म्हणून त्यांच्याकडे बघितलं की आपल्याला न दिसणारी एक गोष्ट स्वच्छ दिसते. तुमची कामाची पद्धत जशी असेल, तसं शरीराचं बिल येतं, आणि स्पर्धक तुमच्याकडून नेमकं तेच बिल वसूल करतो.

आधी फेडरर आणि नदालचा हिशोब बघू. दोघं एकूण 40 मॅच खेळले. नदाल 24, फेडरर 16. आता हाच आकडा कोर्टाप्रमाणे वेगळा करा. लाल मातीवर 16 मॅच झाल्या, त्यातल्या 14 नदालच्या. गवतावर 4 झाल्या, त्यातल्या 3 फेडररच्या. हार्ड कोर्टवर 20 झाल्या, तिथे फेडरर 11, नदाल 9. म्हणजे "नदाल फेडररला भारी" हे वाक्य अर्धंच खरं आहे. मातीवर भारी, बाकी ठिकाणी नाही. फेडररनं मातीवरच्या फायनल गाठल्या नसत्या, तर हा हिशोब त्याच्या बाजूनं दिसला असता. पण तो गाठत राहिला आणि समोर नदाल उभा राहत गेला.

आणि मातीवर असं का? नदाल डावखुरा. (गंमत म्हणजे लिहितो उजव्या हातानं.) त्याचा फोरहँड जोरदार टॉपस्पिनचा. तो कोर्टाच्या तिरक्या दिशेनं मारला की चेंडू उजव्या हाताच्या फेडररच्या बॅकहँडवर जातो, आणि मातीवर टप्पा पडून खांद्याच्याही वर उसळतो. फेडररचा बॅकहँड एका हाताचा. दिसायला देखणा, पण खांद्यावरच्या उंचीला एका हातात ताकद राहत नाही. नदालनं हे हेरलं आणि वर्षानुवर्षं तोच चेंडू त्याच जागी टाकत राहिला. कंटाळा न येता. मला त्याच्या ताकदीपेक्षा हा कंटाळा न येणं जास्त भारी वाटतं.

आता तोच माल दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकून बघू. समोर नोवाक जोकोविच. त्याचा बॅकहँड दोन हातांचा. खांद्याच्या उंचीचा चेंडू त्याला आवडतोच. नदालचं हुकमी हत्यार तिथे बोथट. 2011 साली नदाल जोकोविचशी सहा फायनल खेळला आणि सहाही हरला, त्यात दोन मातीवरच्या. एकाच माणसाची तीच पद्धत एकासमोर सोनं आणि दुसऱ्यासमोर पितळ.

पण 2011 च्या आधी जोकोविच काय होता? गुणी, आणि लांब मॅचमध्ये दमणारा. 2010 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्सोंगाविरुद्ध पाच सेटमध्ये हरला तेव्हा त्याला धड श्वास घेता येत नव्हता. त्यानंतर त्यानं गहू सोडला. आणि घरच्यांचं पिझ्झाचं हॉटेल होतं, बरं का! (हे वाचून उद्यापासून पोळी बंद करू नका. त्याला जे लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे.) मुद्दा असा, की पुढच्या वर्षी त्यानं जगाला जे दाखवलं, त्यात नवीन फटका फारसा नव्हता. तोच फटका पाचव्या सेटमध्येही तितकाच अचूक मारण्याचा दम होता. 2012 च्या ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल तो आणि नदाल 5 तास 53 मिनिटं खेळले. बक्षीस समारंभात भाषणं सुरू असताना दोघांना उभं राहवेना, शेवटी खुर्च्या आणून द्याव्या लागल्या.

त्या खुर्च्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. कारण आपल्याकडे प्रेरणादायी भाषणात ती 5 तास 53 मिनिटं सांगतात, खुर्च्या कुणी सांगत नाही. त्याच वर्षी विम्बल्डनला नदाल दुसऱ्याच फेरीत, पहिल्या नव्वदातही नसलेल्या खेळाडूकडून हरला आणि मग गुडघ्यामुळे सात महिने घरी बसला. एका मॅचनं गुडघा गेला असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक पॉइंटसाठी पळायचं, प्रत्येक चेंडू परत करायचा, या पद्धतीचं बिल कुठेतरी येणारच होतं.

आता माझं सांगतो. मी फरसाणचा छोटा कारखाना चालवायचो, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. कढईवर मीच, पॅकिंगला बायको आणि दोन बायका, डिलिव्हरीला स्कूटरवर पुन्हा मीच. पलीकडच्या गल्लीत आणखी एकजण होता. त्यानं रेट पाडला की मी पाडायचा. तो सकाळी सातला उघडायचा, म्हणून मी सहाला. उजवा खांदा गणपतीपासूनच दुखत होता. मी गोळ्या घेऊन नवरात्र काढलं, गोळ्या घेऊन दिवाळी काढली. अभिमानानं सांगायचो लोकांना, अठरा तास काम करतो म्हणून. दिवाळी झाली आणि हात खांद्याच्या वर जाईना. शर्ट घालायला मुलगा लागायचा. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर, आता घाई करून उपयोग नाही. साडेतीन महिने कढई बंद. त्यात पलीकडच्यानं माझी निम्मी गिऱ्हाइकं नेली. त्यानं काही चुकीचं केलं नाही. लोकांना चिवडा हवा होता, माझ्याकडे नव्हता.

त्याच्याकडे कढईवर दोन कारागीर होते, हे मी रोज बघत होतो. माझ्या डोक्यात फक्त त्याचा रेट होता.

म्हणून फेडररची 2016 ची गोष्ट मला जवळची वाटते. त्याची दुखापत पण काय साधी! मेलबर्नला सेमीफायनल हरला आणि दुसऱ्या दिवशी मुलींच्या आंघोळीची तयारी करताना गुडघ्यात कट्‌ झालं. तेवढ्यावर ऑपरेशन. तोवर आयुष्यात कधी ऑपरेशन झालेलं नव्हतं. घाईनं परत आला, विम्बल्डनच्या सेमीफायनलला कोर्टवर पडला, हरला. मग त्यानं जाहीर केलं की या वर्षी आता खेळत नाही. ऑलिम्पिक सोडलं, यूएस ओपन सोडली. पस्तिसाव्या वर्षी सहा महिने शटर बंद करायला काळीज लागतं. एकेक महिना मोजून मिळतो त्या वयात.

आणि परत आला तो तसाच आला नाही. रॅकेट त्यानं 2014 मध्येच मोठी घेतली होती, 90 चौरस इंचांवरून 97. पण 2017 मध्ये बॅकहँडची पद्धतच बदललेली दिसली. आधी तो उंच चेंडूवर मागे सरून स्लाइस करायचा, म्हणजे वेळ मारून न्यायचा. आता बेसलाइनला चिकटून उभा राहिला आणि चेंडू वर चढायच्या आतच सपाट मारायला लागला. नदालचा चेंडू खांद्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही. शिवाय पॉइंट लवकर संपतात, पळणं कमी होतं, गुडघा वाचतो. त्या फायनलला पाचव्या सेटमध्ये नदाल 3-1 नं पुढे होता. जुना फेडरर असता तर तिथेच गेम संपला असता. यानं सलग पाच गेम घेतले, 6-3. त्या वर्षी नदालला त्यानं चार वेळा हरवलं, चारही हार्ड कोर्टवर. मातीचा सगळा सीझन मात्र सोडून दिला. नदालच्या दारात जायचंच नाही! आणि विम्बल्डन एकही सेट न गमावता जिंकला.

काही लोक याला पळपुटेपणा म्हणाले. मी नाही म्हणणार. ज्या बाजारात समोरच्याचा रेट तुम्हाला कधीच जमला नाही, तिथे दर वर्षी जाऊन मार खाण्यात कसला आलाय पुरुषार्थ?

पण थांबा. "विश्रांती घ्या, सगळं छान होईल" असं लिहून मी मोकळा झालो तर तुमच्याशी खोटं बोलेन. नदालच्या डाव्या पायाला म्युलर-वाइस नावाचा विकार, हाडाचा, बरा न होणारा, 2005 पासून. विशीच्या आत कळलं होतं त्याला. नुसती विश्रांती घेत बसला असता तर 22 ग्रँड स्लॅम झालीच नसती. 2022 ची फ्रेंच ओपन तो पाय बधिर करणारी इंजेक्शनं घेऊन खेळला आणि जिंकला. म्हणजे मी दिवाळीला गोळ्या खाल्ल्या तेच त्यानं केलं? वरवर बघितलं तर हो. फरक असा की त्याच्याबरोबर डॉक्टर होता, स्पर्धा कोणती ते आधी ठरलेलं होतं, आणि संपताच त्यानं सांगून टाकलं की असं करत राहणार नाही. मी गणपतीला गोळी घेतली तेव्हा शेवटची गोळी कधी, हे ठरवलंच नव्हतं.

आणि 2013 मध्ये सात महिन्यांनी तो परतला तेव्हा कुठे परतला ते बघा. ऑस्ट्रेलियन ओपन सोडली. चिलीतल्या एका छोट्या स्पर्धेत, आपल्या मातीवर, पहिलं पाऊल टाकलं. फायनल हरलाही तिथे. पण त्याच वर्षी फ्रेंच आणि यूएस ओपन दोन्ही जिंकला, आणि दोन्हीत जोकोविचला हरवलं.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही लिहायलाच हवं. अर्जेंटिनाचा देल पोत्रो 2009 मध्ये फेडररला हरवून यूएस ओपन जिंकला, तेव्हा वीस वर्षांचा होता. मनगटाची इतकी ऑपरेशनं झाली की दोन हातांचा बॅकहँड मारणं दुखायला लागलं, म्हणून तो एका हातानं स्लाइस करायला शिकला. त्या अर्ध्या बॅकहँडवर रिओ ऑलिम्पिकचं रौप्य आणलं, जोकोविच आणि नदाल दोघांना हरवून. मग गुडघ्याची वाटी फुटली. त्याची आणि त्या तिघांची टक्कर किती रंगली असती, याचा हिशोब कुणाच्याच वहीत नाही. त्यानं काय चूक केली? काहीच नाही. धंद्यातही असं होतं, आणि अशा माणसाला "मेहनत कमी पडली" म्हणणारा ट्रेनर दिसला तर त्याचा कोर्स घेऊ नका.

मी परत कढई लावली ती फेब्रुवारीत. चिवडा, शेव, पापडी बंद. त्यात पलीकडचा माझ्यापेक्षा स्वस्त आणि खरं सांगायचं तर चवीलाही बरा होता. मी फक्त भाजणीची चकली ठेवली, ऑर्डर घेऊनच, आणि सोऱ्या फिरवायला एक मुलगा ठेवला. पहिल्या महिन्यात त्याचा पगार खिशातून गेला. बायको चार दिवस बोलली नाही. सहाव्या महिन्यात पलीकडचाच माणूस आला, म्हणाला, दादा, दिवाळीला चकली तुमच्याकडून घेतली तर काय रेट लावाल?

आता तुमच्यासाठी काम. या दिवाळीच्या, लग्नसराईच्या, जो काही तुमचा सीझन असेल त्याच्या ऑर्डरी घेण्याआधी वहीत दोन गोष्टी लिहा. सीझन संपल्यावर तुम्ही कोणत्या तारखेपासून किती दिवस बंद ठेवणार, आणि तुमच्या शरीराचा जो भाग आत्ता दुखतोय तो डॉक्टरला कधी दाखवणार. तारखेसकट. पुढच्या व्हिडिओत आपण पहिला कारागीर ठेवताना त्याचा पगार कुठून काढायचा ते आकडे मांडून बघणार आहोत, तेव्हा ती वही जवळ ठेवा.