माहिती शोधायला शिकवायचे कोणी?

गेल्या दिवाळीत पुतण्या गावी आला होता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेवर प्रकल्प लिहायचा होता. दोन दिवसांत वीस पाने तयार! मी विचारले, "बाळा, हे आणलेस कुठून?" म्हणाला, "काका, नेटवरून." कोणी लिहिले, कधी लिहिले, हे मात्र सांगता येईना. त्यात आपला भालकी तालुका उस्मानाबाद जिल्ह्याला जोडल्याचे लिहिले होते. जोडले गेले ते बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर. भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले, म्हणून तर आपण आज इथे आहोत. खटकचिंचोळीतल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारले असते तरी कळले असते.

मी त्याच्या सरांना भेटलो. सर म्हणाले, "हल्लीची मुले नुसती उतरवतात. पण माहिती कशी शोधावी हे शिकवणे ग्रंथपालाचे काम." ग्रंथपाल म्हणाले, "सर पाठवतील तेव्हा मुले येतील ना!" आमच्या बँकेत एखादे व्हाउचर असे या टेबलावरून त्या टेबलावर फिरू लागले, तर संध्याकाळी हिशेब जुळत नाही.

प्राध्यापकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. सेमिस्टरचा अभ्यासक्रम संपता संपत नाही, कित्येक ठिकाणी वर्ग अतिथी प्राध्यापकांवर चालतात. पण 'मुलांच्या हातात मोबाइल आहे, ती आपोआप शिकतात' हा त्यांचा समज मला पटत नाही. मोबाइल चालवणे वेगळे आणि मिळालेली माहिती पारखणे वेगळे. नोटा मोजता येणाऱ्या प्रत्येकाला खोटी नोट ओळखता येत नाही. आता तर चॅटजीपीटीला विचारले की सुबक उत्तर मिळते, चूक असले तरी सुबकच!

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधात ६० टक्क्यांहून जास्त उतरवलेले आढळले तर नोंदणी रद्द होते. पीएच.डी.ला तर संशोधननीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. पण आपली किती पोरे पीएच.डी.पर्यंत पोहोचतात? त्याच नियमांत पदवीच्या अभ्यासक्रमातही प्रामाणिक लेखनाचे धडे द्यावेत असे म्हटले आहे. शिक्षेचे कलम सर्वांना पाठ, शिकवण्याचे कलम कोणी वाचत नाही.

आपल्यासारख्या जुन्या मराठी घरांना याची झळ जास्त बसते. भाषिक अल्पसंख्याकांच्या सवलती कागदावर उभ्या असतात. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असली तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मागता येते. तालुक्यात १५ टक्के लोक ती भाषा बोलणारे असले तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत मिळाव्यात, असे धोरण आहे. हे मागायचे तर जनगणनेतील मातृभाषेचा तक्ता काढता आला पाहिजे, मूळ आदेश शोधता आला पाहिजे, माहिती अधिकाराचा अर्ज नेमका लिहिता आला पाहिजे. आपला पदवीधर मुलगा व्हॉट्सअॅपवरची आवई आणि सरकारी आदेश यांत फरक करू शकला नाही, तर निवेदन घेऊन कचेरीत जाणार कोण? तिथला कारकून पहिलाच प्रश्न विचारतो, "आधार काय?"

म्हणून प्राध्यापक मंडळींना माझी नम्र विनंती आहे. नवा पेपर नको. प्रत्येक सेमिस्टरला एकच प्रकल्प असा द्या, की त्यात प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिहिलेला असेल, आणि त्याला गुण ठेवा. एक तास ग्रंथपालांना तुमच्याच वर्गात बोलवा. आणि आपल्या संघटनेने उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे खटकचिंचोळीत दोन दिवसांचे शिबिर घ्यावे. जनगणनेचे तक्ते आणि माहिती अधिकाराचा अर्ज शिकवायला मी स्वतः रजा टाकून येईन.

पुतण्याने ती वीस पाने फाडली. नवी सहाच लिहिली, पण प्रत्येक पानावर आधार आहे. त्यातले एक पान आजोबांच्या तोंडून ऐकून लिहिले आहे, आणि खाली त्यांचे नाव व तारीख घातली आहे.