फ्लॅट त्याला, बिल मला

दर महिन्याच्या 1 तारखेला मी सिंगापूरहून पुण्यातल्या एका केअर सेंटरला पैसे पाठवतो. तिथे माझी आत्या आहे. मूलबाळ नाही, यजमान गेले, अर्धांगाने अंथरुणाला खिळली. तिचा कोथरूडचा फ्लॅट? तो तिने 2017 साली माझ्या चुलतभावाला बक्षीसपत्राने देऊन टाकला. आज तिथे भाडेकरू आहे. भाडं भावाला, बिल मला.

यावर घरचे म्हणतात, फ्लॅट मिळाला नाही म्हणून याच्या पोटात दुखतंय. मंडळी, तसं नाही. शाळेत असताना तिने मला चार वर्षं जेवू घातलंय, पैसे मी देतच राहणार. राग येतो तो तिच्या एका प्रश्नाचा. दर रविवारी फोनवर विचारते, "तुला फार पडतंय का रे?" स्वतःच्या घराची मालकीण आश्रित झाली!

इथे सिंगापुरात सरकारी गृहनिर्माण मंडळाचे फ्लॅट 99 वर्षांच्या लीजवर असतात. 2009 पासून एक योजना आहे. पासष्टीनंतर लीजची शेवटची काही वर्षं मंडळाला परत विकायची. ते पैसे निवृत्तीच्या खात्यात जातात, त्यातून दरमहा उत्पन्न मिळतं आणि राहायला तेच घर. घर आधी म्हाताऱ्यांना पोसतं, उरलंसुरलं वारसांचं.

आपल्याकडे उलटं. मुलाला किंवा नातवाला राहतं घर द्यायचं तर महाराष्ट्रात 2015 पासून मुद्रांक शुल्क 200 रुपये. पेढ्यांना याहून जास्त लागतात! 'नटसम्राट' बघून डोळे पुसायचे आणि घरी येऊन बेलवलकरांसारखंच करायचं.

कायदा आहे की, म्हणाल. आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर रद्द करून घेता येते. पण 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी अट होती हे सिद्ध व्हायला हवं. 2025 च्या निकालात न्यायालय ज्येष्ठांच्या बाजूने अधिक उदार झालं, तरी भांडायचं कोणी? आत्याच्या कागदात फक्त 'प्रेमापोटी' आहे. पोटगी मागावी तर तिची कमाल मर्यादा त्याच कायद्याने महिना 10,000 ठरवलेली. आणि पुतण्याविरुद्ध प्रांताकडे अर्ज करायला ती मुळात तयारच नाही.

म्हणून सांगतो. प्रेम असेल तर मृत्युपत्र करा. ते केव्हाही बदलता येतं. हयातीत द्यायचंच असेल तर सांभाळण्याची अट कागदावर लिहून घ्या. लाज वाटू देऊ नका. आणि ज्याने किल्ली घेतली, त्याने बिलही घ्यावं.

आता माझं. 2017 साली आत्याने फोन करून विचारलं होतं, "देऊ का रे त्याला?" मला मीटिंगला जायचं होतं. "तुझं घर, तुझी मर्जी," म्हणालो आणि फोन ठेवला.

तुम्हाला असा फोन आला तर मीटिंग चुकवा.