जांभळे पाणी, जळणारी छाती

अल्कलाइन पाण्याच्या यंत्राचा विक्रेता ग्लासात रंगसूचकाचे दोन थेंब टाकतो, पाणी जांभळे होते आणि पित्ताने बेजार झालेले घर ते महागडे यंत्र घ्यायला राजी होते. त्या रंगावरून पाण्याचा पीएच कळतो, पोटाचे काहीच कळत नाही. जठररस मात्र तीव्र आम्ल, पीएच १.५ ते ३.५. २०१२च्या प्रयोगात ८.८ पीएचच्या पाण्याने पेप्सिन हे जठरातले पाचक विकर निकामी झाले खरे, पण परीक्षानळीत. जठर पुन्हा आम्ल स्रवते, नळी स्रवत नाही. म्हणून चाचणी माणसांवरच हवी. निम्म्यांना अल्कलाइन, निम्म्यांना साधे पाणी द्यावे आणि कोणाला कोणते हे रुग्णाला वा डॉक्टरला ठाऊक नसावे. तोवर ‘पित्तावर उपाय’ ही जाहिरात बंदच करायला हवी. जळजळीसोबत वजन घटत असेल, शौचाला काळे होत असेल, तर यंत्र नको, डॉक्टर गाठा.