आपली कानटोपी आपणच विणू

मुलांनो, मुळशी धरणाच्या काठी पहाटेच्या गारठ्यानं कान कसे झोंबतात ना? मग घ्या लोकर आणि दोन सुया! पण आधी थोडं गणित. वीस टाके घालून चार बोटं सुलट विणा. १० सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते मोजा. समजा, १६ बसले. डोक्याचा घेर ५० सेंटिमीटर असेल तर ४५ धरा, कारण वीण ताणली जाते. म्हणजे झाले ७२ टाके! सगळ्या ओळी सुलटच विणा. उंची २० सेंटिमीटर झाली, की टाके लोकरीत ओवून आवळा आणि कड शिवा. फार घट्ट विणू नका. विणीत अडकलेली हवाच ऊब राखते. टाका निसटला तर उसवा, लोकर वाया जात नाही. आणि हो, मुलग्यांनीही विणायचं, बरं का!